अर्धी जुळणी

जागृतीने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. आईला बोनमॅरो लागणार तर तो आपलाच. एकुलती एक मुलगी, वय वीस, तब्येत ठणठणीत. त्यात कुणाला विचारायचं कारणच नव्हतं. म्हणून डॉक्टर मनस्वी ठाकूर यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून "तुझा घेता येणार नाही" असं म्हटलं, तेव्हा आधी तिला ते कळलंच नाही.

"का मॅडम? माझ्यात काही आहे का?"

"तुझ्यात काही नाही. आईच्या रक्तात आहे."

शेजारच्या खुर्चीत पप्पा होते. बस चालवणाऱ्या माणसाला समोर बघत राहायची सवय असते. ते डॉक्टरांच्या मागच्या भिंतीकडे बघत राहिले. जागृतीच्या आईला, संघप्रियाला, रक्ताचा कॅन्सर असल्याचं गणपतीच्या सुमारास कळलं होतं. केमोने तो दबला होता. पण दबलेला परत उसळणार, असं तपासणीत दिसत होतं, आणि तो उसळायच्या आत दुसऱ्या कुणाचा तरी बोनमॅरो तिच्यात रुजवणं हाच उपाय उरला होता.

डॉक्टर ठाकूर घाईने बोलणाऱ्या बाई नव्हत्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"हे बघ, प्रत्येक माणसाच्या पेशींवर काही खुणा असतात. शरीर त्यांच्यावरून आपलं कोण आणि परकं कोण ते ओळखतं. अर्ध्या खुणा आईकडून येतात, अर्ध्या वडलांकडून. तुझ्यातल्या आईकडच्या खुणा आईला ओळखीच्या आहेत. पण उरलेल्या पप्पांच्या आहेत. तू पोटात होतीस तेव्हा तुझं थोडंसं रक्त तिच्या रक्तात मिसळलं असणार. तिच्या शरीराने त्या खुणा पाहिल्या, परक्या ठरवल्या आणि त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवल्या. हे बऱ्याच बायकांमध्ये होतं. त्यात वावगं काही नाही."

"पण मला तर काही झालं नाही."

"बाळाला सहसा काही होत नाही. पण त्या अँटिबॉडी अजून तिच्या रक्तात आहेत, आणि भरपूर आहेत. तुझ्या पेशी आत गेल्या तर त्या त्यांना जाऊन चिकटतील. रुजायच्या आधीच मारून टाकतील."

आईच्या रक्तात आपल्याविरुद्ध काहीतरी आहे, आणि ते वीस वर्षं तिथेच आहे, ही गोष्ट जागृतीला अंगावर पाल पडल्यासारखी वाटली. ज्या हातांनी आई तिची वेणी घालायची, त्या हातांच्या शिरांमधूनही ते फिरत होतं.

"मग कोण?" पप्पांनी विचारलं.

"तिचा भाऊ."

प्रितममामाही अर्धाच जुळत होता. पण त्याच्या न जुळणाऱ्या अर्ध्या खुणांविरुद्ध आईच्या रक्तात एकही अँटिबॉडी सापडली नव्हती. शिवाय डॉक्टरांच्या मते त्याच्याकडे आणखी एक जमेची बाजू होती. आपल्या रक्तात नॅचरल किलर नावाच्या पेशी असतात. त्या समोर येणाऱ्या प्रत्येक पेशीवर आपल्या ओळखीची खूण शोधतात. खूण दिसली तर सोडून देतात, दिसली नाही तर मारतात. प्रितमच्या काही किलर पेशी जी खूण शोधत, ती संघप्रियाच्या पेशींवर नव्हतीच. म्हणजे तिच्या कॅन्सरच्या पेशींवरही नव्हती.

"म्हणजे त्या आईलाच मारतील," जागृती म्हणाली.

"तसं नाही. काळीज, कातडी, फुप्फुसं, यांच्या वाटेला त्या सहसा जात नाहीत. त्यांची नजर रक्ताच्या पेशींवर असते, आणि कॅन्सर आहे तो रक्तातच. मामाच्या दुसऱ्या काही पेशी मात्र तिला त्रास देऊ शकतात, त्यांना दाबायला आम्ही औषध देतो." डॉक्टर जरा थांबल्या. "किलर पेशींची मदत होते असं काही पेशंटमध्ये दिसलंय. सगळ्यांमध्ये नाही. मी हमी देत नाही."

हमी नाही, एवढंच जागृतीच्या लक्षात राहिलं.

* * *

प्रितम उरणला राहायचा, बाजारामागच्या दोन खोल्यांत, आईबरोबर. त्याची आई म्हणजे जागृतीची आजी, जाईबाई. लग्न होऊन नांदेडकडून आली त्याला पन्नासेक वर्षं झाली, तरी बोली सुटली नव्हती. प्रितम कंटेनर यार्डच्या गेटवर सील तपासायच्या कामावर होता. उन्हात उभं राहून रापलेला, आडव्या अंगाचा माणूस. पण दवाखान्याचं नाव काढलं की त्याच्या तळहातांना घाम फुटायचा. त्याचे वडील शिवराम तो सातवीत असताना हर्नियाच्या ऑपरेशनला आपल्या पायांनी चालत गेले होते आणि परत आले नव्हते. त्यानंतर प्रितमला शिकवलं ते संघप्रियाने. तिची कामोठ्यात बालवाडीवर नोकरी होती. मोठी बहीण मागेल ते द्यायला तो तयार होता. फक्त ती हे मागेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"कधी यायचं सांग," एवढंच तो फोनवर म्हणाला.

जाईबाईला किती सांगायचं, ते संघप्रियाने स्वतः ठरवलं. "आईला सगळं सांगत बसू नका. तिचं बीपी वाढतं. प्रितमचं रक्त मला चढवायचंय म्हणा, बास." तसंच सांगितलं गेलं.

ट्रान्सप्लांटच्या आधी संघप्रियाला जोरदार केमो द्यायची होती. ती सुरू करायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी प्रितम आणि जागृतीला समोर बसवलं.

"प्रितम, हे नीट ऐका. ह्या औषधाने तुमच्या बहिणीच्या हाडांतला सगळा बोनमॅरो जाणार. कॅन्सरचा आणि चांगलाही. एकदा सुरू केलं की मागे फिरता येत नाही. तुमचं मिळालं नाही तर तिच्या शरीरात रक्त तयार व्हायचंच बंद होईल. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर आज म्हणा. कुणी काही बोलणार नाही."

"नाही म्हणायचं नाही, मॅडम."

बाहेर आल्यावर जागृतीने त्याचा हात धरला. हात बर्फासारखा गार होता.

औषध सुरू झालं. संघप्रियाला काचेच्या खोलीत ठेवलं, तिथे एकाच माणसाला राहता येत होतं. पप्पा रजा काढून तिथे राहिले. तिचं तोंड आतून सोलून निघालं, पाणी गिळतानाही ती डोळे मिटून घ्यायची. काचेबाहेरून जागृती हात हलवायची, आणि आईचा हात उत्तर द्यायला उठेपर्यंत तिथून हलायची नाही.

मग प्रितमची इंजेक्शनं सुरू झाली. रोज सकाळी एक, दंडावर. त्याने हाडांतल्या पेशी भराभर वाढून रक्तात येणार होत्या आणि मग मशीनवर त्या हाताच्या शिरेतून काढून घ्यायच्या होत्या. पहिल्या दिवशी तो हसत आला. दुसऱ्या दिवशी कंबर धरून आला.

"मामा, दुखतंय?"

"हाडाच्या आत कुणीतरी ठोकतंय गं. झोपलो तरी ठोकतंय." त्याने आवाज खाली आणला. "यार्डात एकजण म्हणत होता, असंच सुरू होतं. ताईला पण आधी हाडंच दुखायची ना?"

"तसं नसतं, मामा. मॅडमने सांगितलंय ना, दुखणार म्हणून."

"सांगितलंय," तो म्हणाला, पण त्याची नजर जिन्याकडे होती.

तिसऱ्या दिवशी तो आला नाही.

* * *

आधी जागृतीला वाटलं, गाडी चुकली असेल. उरणच्या गाड्या कमीच असतात. मग फोन लावला तर बंद. नर्स दोनदा येऊन विचारून गेली. दुपारच्या जेवणाच्या गाड्या वॉर्डातून फिरायला लागल्या तरी तो आला नव्हता. पप्पांना बाहेर बोलवावं तर आईला संशय येणार. तिने काचेतून आईला हसून दाखवलं, खाली आली आणि डॉक्टरांना फोन केला.

"संध्याकाळपर्यंत आण त्याला," डॉक्टर ठाकूर म्हणाल्या. "काही तासांचा उशीर चालतो."

"आणि आलाच नाही तर?"

"बाहेरचा डोनर शोधायचा तर काही आठवडे जातात. तेवढा वेळ आईकडे नाही. घाबरू नकोस म्हणून सांगत नाही मी तुला. पण आधी त्याला गाठ."

सीवूड्स स्टेशनवरून उरणची लोकल मिळाली. डबा जवळजवळ रिकामा होता. खाडीचं पाणी, खारफुटी, मग कंटेनरांचे ढीग मागे जात राहिले. आपण काय बोलणार आहोत, याची जागृती मनात जुळवाजुळव करत होती, आणि प्रत्येक वाक्य अर्ध्यावर तुटत होतं. मामावर ओरडावं तर तो आणखी घाबरेल. पाया पडावं तर? आई जगणार की नाही, हे एका घाबरलेल्या माणसावर येऊन ठेपलं होतं, आणि त्याला समजवायला निघालेली ती स्वतः त्याच्याहून घाबरलेली होती.

जाईबाई दारात बसून लसूण सोलत होती.

"आलीस व्हय गं? बस. च्या ठेवते."

"आजी, मामा कुठाय?"

"कामावर गेलाय."

दाराशी मामाचे यार्डातले जाड बूट पडले होते. जागृतीने त्यांच्याकडे पाहिलं. आजीनेही पाहिलं, पण ती लसूण सोलत राहिली. तेवढ्यात आतल्या खोलीतून कण्हल्याचा आवाज आला.

जागृती आत जायला वळली तशी जाईबाईने हात आडवा घातला. हात म्हातारा होता, पण जोर भलताच.

"न्हाई यायचा तो. तुज्या आईला सांग, म्या धरून ठेवला म्हनावं."

"आजी—"

"आजी-बिजी काय न्हाई. रातभर रडलंय पोरगं कंबर धरून. मला दोन लेकरं हायेत. एक आजारी हाय, तिला डाक्तर बघत्यात. दुसरं धडधाकट हुतं, त्याला बी तुमी हाडाचं दुखनं लावून दिलं. म्या नवऱ्याला असंच धाडलं हुतं, चालत. वापस कसा आनला ते तुला म्हाईत न्हाई, तू जल्मली बी नव्हतीस."

"मामाला काही होणार नाही. इंजेक्शनं बंद झाली की दुखणंही थांबतं."

"त्या वक्ताला बी असंच म्हनले हुते." जाईबाईचा आवाज चिरकला. "तिची औषिधं चालू हायेत न्हवं? मग चालू ऱ्हाऊ द्या. इतके म्हैने निभावलं, तसंच निभंल आनिक. दुसरं कुनाचं तरी रगत बघा."

आता जागृतीच्या ध्यानात आलं. आजीला माहीतच नव्हतं. आई अजून होती तशीच आहे, असं ती धरून चालली होती. प्रितम गेला तर बरं, नाही गेला तर थोडं उशिराने, असं काहीतरी तिच्या मनात होतं. रक्त चढवायचंय, असंच तर सगळ्यांनी तिला सांगितलं होतं.

तिने आत डोकावून पाहिलं. मामा चटईवर कुशीवर पडला होता. त्याने तिच्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मामा, तू आजीला सांगितलं नाहीस?"



"काय सांगितलं न्हाई?" जाईबाईने विचारलं.

जागृती उंबऱ्यावरच बसली. आजवर हे तिने कुणाला शब्दांत सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

"आजी, आईच्या हाडांत रक्त बनवणारं जे असतं ना, ते आता राहिलेलंच नाही. औषध देऊन सगळं मारून टाकलंय. कॅन्सर मारायचा तर ते मारावंच लागतं. मामाचं आत गेलं की ते तिथे रुजणार, आणि मग तिचं रक्त बनणार. नाही गेलं तर…" तिला पुढचं वाक्य उच्चारता येईना. "नाही गेलं तर ती घरी येणार नाही. माझं चालत नाही, आजी. मी देणार होते. तिचं रक्त माझं घेत नाही. ते फक्त मामाचंच घेणार."

जाईबाईच्या हातातली लसणीची पाकळी खाली पडली.

"कवा केलं ह्ये?"

"आठवडा होत आला."

"आन मला कुनी सांगितलं न्हाई." ती हे जागृतीला म्हणाली नाही, बूट पडले होते तिकडे बघून म्हणाली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आतल्या खोलीत जाऊन प्रितमच्या उशाशी उभी राहिली.

"तुला म्हाईत हुतं?"

"होतं."

"म्हाईत असून तू मला धरून ठिवू दिलंस?"

प्रितम रडायला लागला. चाळिशीला टेकलेला, आडव्या अंगाचा माणूस, तोंडावर हात घेऊन. "मला भीती वाटते गं आई. तू जाऊ नको म्हणालीस तर मला बरं वाटलं. मी तिथे त्या मशीनला बांधलेला असेन आणि उठणारच नाही, असं सारखं वाटतं."

जाईबाई वाकली आणि त्याच्या दंडाला धरून त्याला ओढायला लागली. तिला तो हलेना.

"मला बी वाटती भीती. ऊठ."

"उठता येत नाही."

"येतंय. जागरते, त्या बाजूनं धर."

दोघींनी मिळून त्याला उभं केलं. गाडीला वेळ होता, म्हणून शेजारच्या टेम्पोवाल्याला जाईबाईने जेवणावरून उठवून आणलं. टेम्पोत चढताना प्रितमने असा काही विव्हळ सूर काढला की टेम्पोवाला म्हणाला, "ह्याला उरणातच दाखवा की कुठंतरी." जाईबाई म्हणाली, "तू चालव."

वाटेत कंटेनरचे ट्रेलर रांगेत अडकले होते. त्यांच्यामागे टेम्पो थांबला, पुढे सरकला, पुन्हा थांबला. जाईबाई मुलाचा हात मांडीवर घेऊन बसली होती. प्रत्येक वेळी टेम्पो थांबला की ती जागृतीकडे बघायची. एकदा तिने हळूच विचारलं, "खरं सांग, ह्याला काय हुईल?"

जागृतीला खोटं बोलावंसं वाटलं, पण खोटं बोलूनच इथपर्यंत आलो हे तिला दिसत होतं. "दुखेल, आजी. नंतर थांबतं असं मॅडम म्हणतात. आणखी काही होत नाही असं म्हणतात. मला एवढंच माहीत आहे."

आजीने मान हलवली.

* * *

डॉक्टर ठाकूर रागावल्या नाहीत. त्यांनी आधी इंजेक्शन द्यायला लावलं, दुखण्यावर गोळी दिली, आणि मग जाईबाईला आपल्या शेजारी बसवलं.

"आजी, मी जासईची. तुमच्या बाजूचीच. तुमच्याशी आधीच बोलायला पाहिजे होतं, ते राहिलं. ह्याची हाडं दुखतात ती आजाराने नाही, आत काम जोरात चाललंय म्हणून. हा आज रात्री इथेच राहील. तुम्हीपण राहा."

जाईबाई तिथून हललीच नाही. इंजेक्शनं पूर्ण होईपर्यंत ती प्रितमच्या पलंगाखाली चादर अंथरून राहिली.

मशीनच्या दिवशी प्रितमने डोळे गच्च मिटून घेतले. एका हातातून रक्त निघत होतं, मशीनमध्ये फिरत होतं आणि दुसऱ्या हातातून परत आत जात होतं. त्याच्या ओठांना मुंग्या आल्या, तसा तो "गेलो, गेलो" म्हणून ओरडला. नर्सने कॅल्शियमची गोळी चघळायला दिली आणि मुंग्या गेल्या. दुपारी सगळं संपलं. तो उठून बसला, आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं, मग आईकडे बघितलं. "उठलो," तो म्हणाला.

पण तासाभराने डॉक्टर आल्या त्या गंभीर चेहऱ्याने. पेशी मोजल्या होत्या. पुरेशा निघाल्या नव्हत्या.

जागृतीला मामाकडे बघवेना. बघितलं तर तो पुन्हा पळेल, असं तिला वाटलं. जाईबाईही खाली बघत होती. पप्पा वरून धावत आले होते, ते दाराशीच उभे राहिले.

"उद्या पुन्हा करता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "प्रितम, तुम्ही सांगा."

प्रितमचा चेहरा पांढरा पडला होता. "सकाळी किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी पुरेसं मिळालं.

पिशवी आली तेव्हा जागृती काचेबाहेर होती. एवढ्या सगळ्या यातायातीनंतर काहीतरी मोठं येईल असं तिला वाटलं होतं. आली ती टोमॅटोच्या साराच्या रंगाची, तळहाताएवढी पिशवी. संघप्रियाला कुशीवर वळायचीही ताकद नव्हती. तिने पिशवीकडे बघून पप्पांना काहीतरी विचारलं. नंतर पप्पांनी सांगितलं, ती विचारत होती, "हे सगळं प्रितमचं का?" नळीतून पहिला थेंब उतरला तेव्हा जाईबाईने काचेला हात लावला आणि पुटपुटायला सुरुवात केली, "बुद्धं सरणं गच्छामि…" तिचे ओठ पिशवी संपेपर्यंत हलत राहिले.

आता सगळं चांगलं होईल, असं कुणी म्हणायच्या आतच ताप आला. अंग भाजावं असा ताप. संघप्रिया बरळायला लागली. बालवाडीतल्या पोरांना नावं घेऊन खाली बसायला सांगत होती. डॉक्टर म्हणाल्या, अर्ध्या जुळणीत असा ताप बऱ्याचदा येतो, दोन्हीकडच्या पेशी एकमेकींना पहिल्यांदाच बघतायत. मामाच्या पेशींना दाबायचं औषध ठरलेल्या दिवशी दिलं गेलं, ताप उतरला. पण जागृतीच्या डोळ्यांपुढून ते चित्र जाईना. आईच्या शरीरात मामाच्या पेशी फिरतायत, एकेका पेशीपाशी थांबून खूण शोधतायत. हिच्यावर आहे, हिच्यावर नाही. त्यांनी चूक केली तर? आईच्या जिभेवर फोड दिसला तरी तिला वाटायचं, चूक झाली.

मग वाट बघणं सुरू झालं. रोज रक्त तपासायचे आणि रोज पांढऱ्या पेशी नाहीत म्हणून सांगायचे. प्रितमची कंबर दुखायची केव्हाच थांबली होती, तो कामावर परत जायला लागला होता, पण यार्डातून दर थोड्या वेळाने फोन करायचा. "आल्या का?" "नाही, मामा." "माझ्या खराब तर नसतील ना?" "नाही, मामा." हे 'नाही' म्हणताना जागृतीला खात्री नसायची. जाईबाई कॉरिडॉरमधल्या खुर्चीत बसून कुणाच्याही नातेवाइकांना विचारायची, तुमचं कितव्या दिवशी आलं. आणि कुणाचं आलंच नाही असं कळलं की दिवसभर जेवायची नाही.

एका सकाळी नर्स आपणहून बाहेर आली. "आल्यात," ती म्हणाली, "थोड्याशाच आहेत, पण आल्यात." जागृती तिथेच, भिंतीला टेकून, फरशीवर बसली. मग तिने मामाला फोन लावला.

पुढे तपासणीत निघालं की आईच्या रक्तातल्या सगळ्या पेशी आता भावाच्याच आहेत.

* * *

संघप्रिया कामोठ्यात घरी आली तेव्हा केस गेलेले, वजन निम्मं, हातांवर लालसर पुरळ. पुरळावर औषध चालू होतं. डॉक्टर म्हणत होत्या, हे मामाच्या पेशींचं तिच्या शरीराशी थोडंसं वाकडं आहे, लक्ष ठेवू. घरात कुणी शिंकलं तर बाकीचे चिडायचे. ताप मोजायचा थर्मामीटर देव्हाऱ्यासारखा जपला जायचा. जाईबाई उरणचं घर प्रितमवर टाकून लेकीकडे राहायला आली होती.

इंजेक्शनच्या तिसऱ्या दिवशी प्रितम उशिरा का आला होता, ते त्याने स्वतःच सांगून टाकलं. फळं घेऊन आला होता, मास्क लावून लांब बसला होता, आणि सांगता सांगता आईने धरून ठेवल्याचंही सांगून बसला. संघप्रियाने सगळं ऐकून घेतलं. भावाला म्हणाली, "शेवटी आलास ना." आईकडे तिने बघितलं नाही. त्यानंतर चार-पाच दिवस ती आईशी बोलली नाही. जाईबाई पाण्याचा तांब्या उशाशी ठेवायची आणि बाजूला व्हायची.

मग एका दुपारी आईच्या अंगाला हात लावून जागृती दचकली. ताप होता.

रिक्षा बोलावेपर्यंत तिघींच्या तोंडचं पाणी पळालं. पप्पा ड्यूटीवर होते. रिक्षात मध्ये संघप्रिया, एका बाजूला जागृती, दुसऱ्या बाजूला जाईबाई. संघप्रियाचे दात वाजत होते. थंडीने की भीतीने, ते कळत नव्हतं. कळंबोलीच्या पुलाखाली सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ती म्हणाली, "आई, आता परत त्या काचेच्या खोलीत नाही जाणार मी. मला खूप भीती वाटते."

जाईबाईने तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. संघप्रियाने ते तिथेच राहू दिलं.

"म्या आत येईन तुज्याबरुबर," जाईबाई म्हणाली. "येकालाच ठिवत्यात न्हवं? मग मलाच ठिवा म्हनावं."

रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, नाकातला नमुना घेतला. संध्याकाळी डॉक्टर ठाकूर स्वतः सांगायला आल्या. साधा व्हायरल होता; एक दिवस ठेवून घेऊ, मग जा. रक्तात कॅन्सरचा मागमूस नव्हता, पेशी जिथल्या तिथे होत्या. पुढचं वर्षभर असंच येत-जात राहावं लागेल, आणि त्यानंतरही काही सांगता येत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

जागृतीने पप्पांना फोन लावला, मग मामाला. मामाच्या "काय झालं?" मध्ये इतकी घबराट होती की तिने आधी "काही नाही, काही नाही" म्हटलं आणि मग सगळं सांगितलं. बोलून झाल्यावर ती वॉर्डात परत आली. आई झोपली होती. जाईबाई खुर्ची पलंगाला चिकटवून बसली होती आणि थर्मामीटर हातात घेऊन, वाचता येत नसूनही, त्याच्याकडे बघत होती.

"किती हाय गं?" तिने विचारलं.

जागृतीने वाचून सांगितलं. उतरला होता. जाईबाईने थर्मामीटर पुन्हा हातात घेतला, पुसला, आणि थोड्या वेळाने पुन्हा लावायला तयार ठेवला.